लॅक्स्टनचे पंच आणि आपले गायरान

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायर काउंटीत लॅक्स्टन नावाचे एक लहान खेडे आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस तिथले बारा शेतकरी पंच म्हणून नुकत्याच पेरलेल्या गव्हाच्या शेतात उतरतात. पट्ट्यापट्ट्याने चालत जाऊन ते पाहतात, की नांगरताना कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात घुसला आहे का, कोणी पाणंदीचा हातभर तुकडा खाल्ला आहे का. हद्द पुसट झाली असेल तिथे लाकडी खुंट्या ठोकतात. मग सगळे गावातल्या डव्हकोट इन या पबात जेवतात आणि कोणाला किती दंड लावायचा याची वादावादी करतात. आठवड्याने त्याच पबात गावचे न्यायालय भरते. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो, दंड जाहीर होतात, गैरहजर राहणाऱ्यांच्या नावावर नाममात्र रक्कम लागते आणि पुढच्या वर्षी ज्या शेतात गहू येणार त्याचे नवे पंच शपथ घेतात.

पर्यटकांसाठी उभा केलेला हा देखावा नाही. इंग्लंडमधल्या जुन्या जहागिरी न्यायालयांचे बहुतेक अधिकार संसदेने 1977 साली कायदा करून काढून घेतले, तेव्हाही शेतांची व्यवस्था पाहण्याचे लॅक्स्टनच्या न्यायालयाचे काम शाबूत राहिले. आपल्याकडे बांध कोरला की वाद दिवाणी कोर्टात जातो आणि आजोबांनी लावलेला दावा नातवाच्या नावावर चालू राहतो. लॅक्स्टनमध्ये तर कोरायला बांधही नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधली शेवटची सरी हीच हद्द. तरीही निकाल आठवड्यात लागतो, आणि तो देणाऱ्यांना त्या सरीची ओळख असते.

या गावाकडे बोट दाखवून मला एका सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे आहे. सामायिक जमीन कोणी राखायची? तुकडे करून ती खासगी मालकीत द्यावी म्हणजे प्रत्येक जण आपापले जपेल, हे एक उत्तर. सरकारने आपल्या नावावर ठेवून अतिक्रमणे काढावीत, हे दुसरे. तिसरे उत्तर असे, की वापरणाऱ्यांनीच नियम करावेत आणि मोडणाऱ्याला दंड करावा. मी या तिसऱ्या उत्तराच्या बाजूचा आहे. मात्र ही बाजू घेणारे लोक खेड्याचे जे गोड चित्र रंगवतात ते मला पटत नाही, आणि ते का पटत नाही हेही लॅक्स्टनच्याच इतिहासात दिसते.

आधी पद्धत समजून घेऊ. मध्ययुगात इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातल्या बहुतेक पॅरिशांत अशीच शेती होती. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले गाव किंवा गावे, पुढे तोच ग्रामीण कारभाराचा सर्वांत खालचा घटक झाला.) शिवारात दोन किंवा तीन अवाढव्य उघडी शेते, मध्ये कुंपण नाही. प्रत्येक शेतात शेकडो लांबट पट्टे आणि एकेका कुटुंबाचे पट्टे सगळीकडे विखुरलेले. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक, तिसरे पड. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. लॅक्स्टनमध्ये आज वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन शेते उरली आहेत. पडीऐवजी अलीकडे वैरणीचे पीक घेतात, बाकी चक्र तेच आहे. तिथली जमीन भारी, चिकणमातीची. काही पट्टे उंचावर, काही खोलगट भागात, त्यामुळे एखाद्या ओल्या वर्षी एकाच घराचे सगळे पीक सडण्याची शक्यता कमी होते. विखुरलेले पट्टे पाहून आधुनिक शेतीतज्ज्ञ कपाळाला हात लावतात. पीकविमा नसलेल्या काळात तोच विमा होता.

कळीची गोष्ट पुढे आहे. पट्टा ज्याचा त्याचा, पण कापणी झाली की सगळे शेत चरायला खुले. त्यामुळे पेरणी, कापणी आणि जनावरे सोडण्याचा दिवस सगळ्यांचा एकच असावा लागे. एकाने उशिरा पेरले तर त्याच्या उभ्या पिकात गावाच्या मेंढ्या जाणार. कोणी किती मेंढ्या सोडायच्या याचीही मर्यादा ठरलेली असे. भटके जनावर पकडून कोंडवाड्यात घालायला माणूस नेमलेला असे. शिवाराच्या कडेला, जिथे नांगर चालत नाही अशा ओलसर गवताच्या पट्ट्यांचाही हिशेब होता. त्या गवताचा लिलाव व्हायचा आणि पैसे हक्कदारांत वाटले जायचे. हे सगळे सांभाळायला न्यायालय लागायचेच. त्याच्याशिवाय ही शेती एक हंगामही चालली नसती.

गावाचा आकारही यातूनच घडला. पट्टे चहूकडे विखुरले असल्याने शेतात राहायला जाण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांची घरे, गोठे आणि कोठारे गावातल्या रस्त्यालगत दाटीने उभी राहिली. लॅक्स्टनमध्ये ती आजही तशीच आहेत. इंग्लंडमध्ये इतरत्र शेताच्या मधोमध एकटे उभे असलेले जे टुमदार फार्महाउस दिसते, ते बऱ्याचदा सामायिक शेती मोडल्यानंतरचे आहे.

1635 साली मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने लॅक्स्टनचा एक नकाशा काढला. सर विल्यम कोर्टेन या लंडनच्या व्यापाऱ्याने जहागीर विकत घेतली होती आणि आपण काय घेतले हे त्याला पाहायचे होते. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात हा नकाशा आहे. पट्टान्‌पट्टा त्यात मांडला आहे, आणि मध्ये मध्ये नांगरणारी, कापणी करणारी, शिकारीला निघालेली इवलीशी माणसेही चितारली आहेत. सुंदर वस्तू आहे. पण एवढी बारीक नोंद गावाने आपल्यासाठी केलेली नाही, मालकाने केलेली आहे, हे विसरू नये. लॅक्स्टनचे पंच बहुतांशी कुळे होती. वर जमीनदार होताच. चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या दगडी मूर्ती पहुडलेल्या आहेत आणि गावाच्या टोकाला नॉर्मन गढीचा भला मोठा मातीचा उंचवटा आहे. ‘स्वयंशासित गाव’ म्हणताना तो उंचवटा डोळ्यांआड करता येत नाही.

मग ही पद्धत बाकी देशातून गेली कशी? संसदेने 1604 ते 1914 या काळात कुंपणबंदीचे, म्हणजे सामायिक शेते-कुरणे मोडून त्यांना खासगी कुंपणे घालण्याचे, 5,200 हून अधिक कायदे केले. त्यांत सुमारे 68 लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडचा पाचव्या हिश्शाहून थोडा अधिक भाग आला. त्याआधी आपसांतल्या करारांनी आणि दांडगाईने जे गेले ते वेगळेच. रीत साधारण अशी: पॅरिशमधले मोठे जमीनमालक संसदेकडे अर्ज करीत, कायदा होई, आयुक्त येऊन मोजणी करीत आणि प्रत्येकाला त्याच्या विखुरलेल्या पट्ट्यांच्या बदल्यात एकगठ्ठा जमीन मिळे. संमती मोजली जाई ती मालकीच्या मोलावर, डोकी मोजून नाही. मोजणीचा, वकिलांचा आणि कुंपणाचा खर्च प्रत्येकाच्या वाट्याला. ठरल्या मुदतीत कुंपण घालणे छोट्या मालकाला झेपत नसे आणि तो विकून मोकळा होई. ज्याच्याकडे पट्टाच नाही, पण सवयीने ज्याची एक गाय कुरणात चरायची, चुलीला झुडपे मिळायची, त्याला कागद दाखवता आला नाही तर काहीच मिळत नसे.

आर्थर यंग हा त्या काळचा कृषिलेखक कुंपणबंदीचा कट्टर पुरस्कर्ता होता. देशभर हिंडून पाहिल्यावर त्यानेच 1801 साली लिहिले, की वीसपैकी एकोणीस कायद्यांत गरिबांचे नुकसान झाले आहे. कुंपणबंदीने उत्पादन किती वाढले यावर अर्थेतिहासकार अजून भांडतात. गरिबाची गाय गेली, हे मात्र कुंपणबंदीच्या बाजूने बोलणाऱ्या यंगनेच नोंदवून ठेवले आहे.

लॅक्स्टन या लाटेतून सुटले ते गावकऱ्यांच्या लढ्यामुळे नव्हे. तिथे मोठे जमीनमालक दोन होते, मॅन्व्हर्स आणि स्कारब्रो हे दोन अर्ल, आणि त्यांचे एकमत होईना. नंतर पैशांचीही चणचण होती. शिवाराच्या काही भागाला कुंपणे पडलीच, उरलेले पट्टेही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र करून मोठे केले गेले. आज उघडी शेते पाचशे एकरांच्या आत आहेत. 1938 साली ऑक्सफर्डच्या ऑर्विन दांपत्याने या गावावर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्याकडे एक जिवंत पुरावा उरला आहे हे देशाला उमगले. 1952 साली सरकारच्या कृषी मंत्रालयाने जहागीर विकत घेतली. 1981 साली ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेली. 2018 साली क्राउन इस्टेटने विक्रीचा इरादा जाहीर केला आणि 2020 साली जमीन पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे जुन्या मॅन्व्हर्स घराण्याच्याच वारशाकडे परतली. सत्तर वर्षांत चार मालक झाले. न्यायालय या सगळ्या काळात भरतच राहिले.

आता सामायिक कुरण उजाड होणारच, असे सांगणाऱ्या प्रसिद्ध सिद्धांताकडे. 1832 साली विल्यम फॉर्स्टर लॉइड या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने व्याख्यानात विचारले, की सामायिक कुरणातली गुरे एवढी खुरटलेली का असतात? 1968 साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने लॉइडचे उदाहरण ‘सायन्स’ नियतकालिकातल्या आपल्या निबंधात घेतले. सर्वांना खुले कुरण असेल तर प्रत्येक गुराखी एक जनावर वाढवतो, नफा त्याचा एकट्याचा, तोटा सगळ्यांचा, शेवटी कुरण उजाड. युक्तिवाद इतका सुबक आहे की तो खरा असणारच असे वाटते. सरकारी अधिकाऱ्यांपासून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपर्यंत अनेकांच्या तो गळी उतरला.

गंमत अशी, की ज्या इंग्रजी पॅरिशांच्या कुरणांवर हा सिद्धांत उभा आहे, त्या कुरणांत हार्डिनची वाट न पाहता मेंढ्या मोजल्या जात होत्या. जास्त सोडली तर दंड होता. कोंडवाडा होता. बाहेरगावच्या गुराख्याला पाऊल टाकायची सोय नव्हती. ‘सर्वांना खुले’ असे कुरण तिथे सहसा नव्हतेच. ज्याच्यावर कोणाचाच अधिकार चालत नाही असे रान उजाड होते हे खरे, पण ते सामायिक जमिनीचे वर्णन नाही. पुढे हार्डिननेही कबूल केले, की आपण ‘व्यवस्था नसलेली’ हे विशेषण लावायला हवे होते. तोवर सिद्धांत जगभर फिरून आला होता. एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन अभ्यासक. त्यांनी स्वित्झर्लंडपासून जपान, फिलिपिन्सपर्यंतची कुरणे, जंगले, कालवे तपासून दाखवले, की वापरणारे लोक नियम करतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि चढत्या क्रमाने दंड लावतात तिथे सामायिक साधन शतकानुशतके टिकते. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. डव्हकोट इनमधल्या पंचांना त्यात नवे काही वाटले नसते.

इथवर वाचून एखादा ग्रामप्रेमी खूश होईल. त्याला मी पॅरिशचे दुसरे दप्तर दाखवीन.

1601 च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर आली. घरमालक आणि शेतकऱ्यांकडून कर गोळा करायचा आणि म्हातारे, विधवा, अनाथ यांना पैसे, कपडे, सरपण द्यायचे. काळाच्या मानाने ही विलक्षण गोष्ट होती, भुकेच्या वर्षी इंग्रजी गावांना तिने सावरले. पण कर भरणाऱ्यांनी लगेच विचारले, गरीब आमचा की शेजारच्या गावचा? 1662 च्या वास्तव्याच्या कायद्याने उत्तर दिले: नव्याने आलेला माणूस पुढे भार होईल असे वाटले, तर त्याला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये हाकलता येईल. गाडीत घालून लोकांना हद्दीपार केले गेले. लग्न न झालेल्या गरोदर बाईला बाळंत होण्याआधी शिवेबाहेर लोटण्याची घाई होई, कारण मूल जिथे जन्मेल तिथल्या पॅरिशच्या माथी पडे. ते वाद आणि निवाडे काउंटीकाउंटींच्या दप्तरांत अजून वाचायला मिळतात. लॅक्स्टनपासून काही मैलांवरच्या साउथवेलला 1824 साली रेव्हरंड जॉन बेचर यांच्या पुढाकाराने एक वर्कहाउस, म्हणजे मदत मागणाऱ्या गरिबांना आत ठेवून राबवण्याचे घर, उभे राहिले. नवरा, बायको, मुले वेगळी ठेवायची आणि आत राहणे इतके नकोसे करायचे की लोकांनी मदत मागूच नये, हा तिथला हिशेब. 1834 च्या नव्या गरीब-कायद्याने हा नमुना देशभर लागू केला. आधी कुरण गेले, मग घरपोच मदतही गेली.

मेंढ्यांची मर्यादा घालणारे आणि परक्या गरोदर बाईला शिवेपार करणारे हात एकाच गावाचे होते, बऱ्याचदा त्याच माणसांचे. माझ्या मते हा योगायोग नाही. सामायिक साधन टिकवायचे तर कोणाला तरी आत आणि कोणाला तरी बाहेर ठेवावे लागते. कुंपण जमिनीला नसले तरी माणसांभोवती असते. लॅक्स्टनच्या पंचांत जमीन कसणारे होते. त्यांच्याकडे रोजाने राबणारा मजूर पंच म्हणून शेत तपासायला सहसा नव्हता. म्हणून ‘गावाने ठरवावे’ असे कोणी म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, गावातल्या कोणी?

हा प्रश्न आपल्याकडे एका ऐतिहासिक वळणानेही पोहोचतो. चार्ल्स मेटकाफ या कंपनीच्या अधिकाऱ्याने 1830 साली भारतीय गावांना छोटी प्रजासत्ताके म्हटले. व्हाइसरॉयच्या मंडळात कायदा सदस्य राहून गेलेल्या हेन्री मेन यांनी ऑक्सफर्डच्या व्याख्यानांत मांडले, की इंग्लंडमधल्या उघड्या शेतांचा जुना अवतार भारतीय गावांत दिसतो. मायदेशी जे मोडून टाकले त्याची हुरहुर या मंडळींना इथे लागली होती असे मला वाटते. आपल्या राष्ट्रवाद्यांनी ते चित्र आनंदाने उचलले. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेटकाफचे तेच वर्णन समोर ठेवून ते नाकारले आणि गाव म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आगर आहे असे ठणकावले. शिवेबाहेर कोणाला राहावे लागते हे त्यांना नकाशावरून शिकायचे नव्हते.

महाराष्ट्रातल्या गायरानाचे आज काय आहे? मालकी सरकारची, देखरेख ग्रामपंचायतीची. गावात कोणी गायरान नांगरले तर ग्रामपंचायत तहसीलदाराला पत्र लिहिते, तहसीलदार मोजणी मागवतो, मोजणीला तारीख पडते. तोवर तीन पिके निघतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारावे आणि दंड वसूल व्हावा अशी जागाच या साखळीत उरलेली नाही. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. निकालामागची कळकळ खरी आहे. पण ‘अतिक्रमण’ या एकाच रकान्यात दोन वेगळी माणसे येतात. एक, शेजारच्या गायरानात विहीर पाडून बाग लावणारा बागायतदार. दुसरा, पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन असलेला दलित मजूर, जो दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या सत्याग्रहांची मागणी पुढे नेत पडीक सरकारी जमीन कसू लागला. मराठवाड्यात असे हजारो आहेत. 1991 च्या शासन निर्णयाने त्यांच्यातल्या काहींची वहिवाट मान्य केली, अनेकांचे कागद अजून टेबलाटेबलांवर फिरत आहेत. बुलडोझरला हा फरक कळत नाही. गावाला तो नेमका माहीत असतो, आणि आपल्या गावांच्या बाबतीत भीती हीच आहे. उद्या दंडाचा अधिकार जसाच्या तसा गावाच्या हाती दिला, तर बागायतदाराची विहीर दिसणार नाही आणि मजुराची दोन एकर ज्वारी आधी दिसेल.

तरीही सरकारच्या नावावर जमीन ठेवून ती राखली जाईल, यावर माझा विश्वास नाही. विकून राखली जाईल यावर तर मुळीच नाही, कारण 5,200 कायद्यांचा अनुभव समोर आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबूची तोड आणि विक्री ग्रामसभेच्या हाती घेतली. निर्णय तिथे सर्वसहमतीने होतात. तिथे बहुतेक कुटुंबे एका आदिवासी समाजाची आहेत, म्हणून ते सोपे गेले असे म्हणणारे अगदीच चूक नाहीत. मिश्र वस्तीच्या, जातीने विभागलेल्या गावात सर्वसहमतीवर भिस्त ठेवून चालणार नाही. तिथे लॅक्स्टनचा रोखठोकपणा जास्त कामाचा आहे.

म्हणजे काय करावे, ते सांगतो. गायरानाची हद्द दरवर्षी ठरलेल्या दिवशी, सर्वांसमक्ष, पायी चालून पाहिली जावी. पाहणारे पंच दरवर्षी बदलावेत, आणि त्यांत निम्मे भूमिहीन कुटुंबांतून, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांतून आणि बायकांतून यावेत, चिठ्ठ्या टाकून, सरपंचाच्या मर्जीने नव्हे. भूमिहीनांची जुनी वहिवाट आधी नोंदवून पक्की करावी, त्यानंतरच दंडाची वही उघडावी. हा क्रम उलटला तर सगळेच फसेल. दंड त्या गावातच जमा व्हावा आणि कुरणावरच खर्च व्हावा. अपील असावे, कारण लॅक्स्टनच्या पंचांवरही कारभारी बसतो. तहसीलदाराने त्या कारभाऱ्याची जागा घ्यावी: वर्षातून एकदा गावात येऊन बसावे, पंचांचा अहवाल ऐकावा, अन्याय दिसला तर तिथल्या तिथे फिरवावा. यासाठी नवे मंत्रालय लागत नाही. ग्रामसभेला दंडाचा अधिकार देणारे एक कलम आणि पंचांत कोण असेल हे सांगणारे दुसरे, एवढे पुरे आहे. पहिल्या कलमाला फारसा कोणाचा विरोध होणार नाही. भांडण दुसऱ्यावर होईल, आणि ते विधानसभेत होण्याआधी प्रत्येक गावच्या पारावर होईल.